काळजिभी

वीज गेली, गिरणीचा पट्टा दोनदा फडफडून थांबला आणि आतून आत्तींची हाक आली, "अनुसा, हिकडं ये."

हातातला पिठाचा डबा तसाच धरून मी उभी राहिले. आमच्या भागात सासूला आत्ती म्हणतात. या घरात सून म्हणून येऊन मला कितीतरी वर्षं झाली होती, पण आत्तींनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नव्हतं. त्या "कोण हाय का तिकडं" म्हणायच्या, नाहीतर तांब्या जमिनीवर आपटायच्या. दोन्हींचा अर्थ मीच असा असायचा.

पदरानं तोंडावरचं पीठ पुसून मी आत गेले. आत्ती थंडीपासून अंथरुणाला खिळल्या होत्या. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं, पाठीला जखमा झाल्या होत्या, आणि कूस बदलताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघे तो ऐकून बघायला आलेली माणसं दारातूनच परत फिरत. माझी नणंद शालन त्यांचं करायला माहेरी येऊन राहिली होती. ती त्या वेळी धुणं घेऊन नदीवर गेली होती. माझे मालक सर्जेराव गिरणीला नवा पट्टा आणायला तालुक्याला गेले होते. नाव आता घेते, तेव्हा घेत नव्हते.

मी उंबऱ्यापाशी बसले.

"तिथं न्हवं," आत्ती म्हणाल्या. "जवळ ये."

जवळ गेल्यावर त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. हाताला अजून जोर होता.

"समदं करून झालं," त्या म्हणाल्या. "गंगेचं पाणी पाजलं, पोथी वाचली, गाईला घास दिला. कशात जीव अडकलाय, काय खावंसं वाटतंय, शालननं इचारून इचारून डोस्कं खाल्लं. मला काय बी खावंसं वाटत न्हाई. आता तू तेवढी ऱ्हायलीस."

"मी काय करू आत्ती?"

"तोंड उघड आन् म्हण, आत्ती, तुम्ही आता जाताय. येवढंच. तू म्हनलीस की हुतंय."

माझी पाचावर धारण बसली. मनगट सोडवून घेऊन मी मागं सरकले, आणि सरकताना पहिल्यांदा हे लक्षात आलं की एवढ्या वर्षांत या बाईनं मला आज पहिल्यांदाच हात लावला होता.

काळजिभी. जिनं वाईट बोलावं आणि ते खरं व्हावं अशी बाई. माझ्या जिभेच्या टोकाजवळ एक काळा ठिपका आहे, जन्मापासूनचा. माहेरी लहान असताना शेजाऱ्याच्या बैलाकडं बघून मी म्हणाले होते की हा बसणार, आणि तो बसला तो उठलाच नाही. बैलानं त्याआधी चार दिवस वैरणीला तोंड लावलं नव्हतं, पण ते आठवणं शेजाऱ्याला सोयीचं नव्हतं. तिथून तो शब्द माझ्यामागं लागला आणि वऱ्हाडाबरोबर सासरी आला.

शिवी असती तर बरं झालं असतं. शिवीला उलटून शिवी देता येते. हा शब्द तोंडावर कुणी म्हणत नाही. तो तिसऱ्याला सांगायचा असतो, आवाज खाली आणून, वाईट रोगाचं नाव घेतात तसा. गावाबाहेरच्या मठातले आप्पा महाराजही पुढचं सांगायचे. यंदा पाऊस बरा आहे, निकाल तुझ्या बाजूनं लागेल, मुलगा होईल. त्यांना वाचासिद्धी आहे असं गाव म्हणे आणि नारळ घेऊन जाई. खोटं ठरलेलं आमचं दोघांचंही कुणाच्या लक्षात राहत नसे. खरं ठरलं की ती त्यांची वाचासिद्धी आणि माझी काळी जीभ, एवढाच काय तो फरक.

सासरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात माझे सासरे कौलं परतायला शिडीवर चढले. मी खालून म्हणाले, "मामंजी, वरची पायरी कुजलीय, पडाल." नव्या सुनेचं ऐकून शिडी उतरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते पडले, कंबरेत मोडले आणि महिन्याभरात गेले. लोकांनी माझ्या वाक्यातलं 'पडाल' तेवढं ठेवून घेतलं आणि पायरी सोडून दिली.

त्यानंतर आत्तींनी घरात नियमच केला की मी पुढचं काही बोलायचं नाही. झालेलं बोललं तर चालेल. दूध उतू गेलं असं म्हणायची मला परवानगी होती, दूध उतू जाईल असं म्हणायची नव्हती, त्यामुळे आमच्या घरात बरंच दूध उतू जाई. मला गिरणीवर बसवलं तेही त्यातलंच. पट्टा सुरू असला की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. बायका डबा रांगेत ठेवत, बोटानं 'बारीक', 'जाड' अशी खूण करत आणि समोरच्या करंजाखाली जाऊन बसत. घरात लग्न निघालं तर मला सांगायचं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गव्हाची पोती जास्त आली की मीच ओळखायचे आणि मनातल्या मनात अक्षता टाकायचे.

मूलबाळ झालं नाही. झालं असतं तर त्याच्याशी तरी बोलले असते. सर्जेराव वाईट नव्हते. कधी हात उगारला नाही, टाकलं नाही, दुसरी केली नाही. फक्त जेवताना खाली बघून जेवायचे आणि बाहेर निघताना मी काही बोलायच्या आत निघायचे. मला फार एकटं वाटायचं. दुसरं काही नव्हतंच त्या घरात मला वाटायला.

तर आत्तींना मी म्हणाले की माझ्याच्यानं हे होणार नाही. तेवढ्यात वीज आली आणि मी गिरणीवर पळाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. त्यांनी विनवणी केली, मग रागावल्या, मग दमल्या. दमल्यावर नुसत्या बोलत राहिल्या. त्या या घरात आल्या तेव्हा इतक्या लहान होत्या की सासू त्यांना भाकरी थापायला दोन पाटांवर बसवायची. जत्रेतल्या तंबूत पिक्चर बघायला त्या एका मैत्रिणीबरोबर चोरून गेल्या होत्या आणि तिथं सासराच पुढच्या रांगेत बसलेला निघाला. हे सांगताना त्यांना हसू आलं, हसल्यानं पाठ दुखली आणि हसणं मध्येच मोडलं. मी त्यांची उशी सारखी केली.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करतीया. तो बी चोरूनच आल्ता. कुनी कुनाला सांगितलं न्हाई."

मी हसले. मला माझंच हसणं ओळखू आलं नाही.

मी निघताना त्या म्हणाल्या, "मग, म्हनतीस न्हवं?"

"उद्या म्हणते," मी म्हणाले.

त्यानंतर रोज हेच होऊ लागलं. दुपारी शालन जरा कलंडली की हाक यायची आणि मी पट्टा सोडवून आत जायचे. आत्ती सांगायच्या, मी ऐकायचे, आणि हळूहळू मीही सांगायला लागले. गिरणीवर येणाऱ्या बायकांच्या सवयी, कुणाच्या ज्वारीत किती खडे असतात, कोण पीठ घेताना बोट लावून चाखून बघतं. आत्तींना गावाची खबर हवी असायची आणि ती मला करंजाखालच्या बायकांकडं नुसतं बघून बरीच ठाऊक होती. एकदा त्या म्हणाल्या, "एवढं बोलाय येतंय व्हय गं तुला?" घरी पाहुणा आल्यासारखी मी त्या दिवशी दिवसभर आनंदात होते.

एक दिवस मी त्यांना विचारलं, "आत्ती, शिडीची ती पायरी कुजली होती, ते तुम्ही बघितलं होतं का?"



"बघितलं हुतं की," त्या म्हणाल्या. "समद्यांनीच बघितलं हुतं. तू बोललीस, येवढंच."

 मी उठताना त्यांनी "उद्या म्हनतीस न्हवं" असं विचारलं आणि मी हो म्हणाले.

माझ्या मनात काय होतं ते सरळ सांगते. मला वाटत होतं की ही जीभ खरंच तशी असेल आणि मी बोलले तर ही बाई जाईल. मग माझ्याशी बोलणारं जगात कुणी उरणार नाही. त्यांच्या वेदना मला दिसत होत्या. आता दुपारी जखमाही मीच धूत होते. तरी रोज दुपारची वाट बघत होते.

आत्तींनी मग शालनला सांगितलं, आणि शालननं सर्जेरावांना. शालन माझ्या हातचं पाणी घेताना आधी देवाचं नाव घ्यायची. ती त्या दिवशी गिरणीत आली, पट्टा थांबेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "वैनी, आईचं ऐका. तिचं हाल बघवत न्हाईत. तुमाला कोन बी बोल लावनार न्हाई."

रात्री जेवताना सर्जेरावांनी पहिल्यांदा ताटावरून मान वर केली. "आईला लई तरास हुतोय," एवढंच म्हणाले. ज्या घरानं माझ्या तोंडाला इतकी वर्षं कुलूप घातलं होतं ते सगळं घर आता माझ्या तोंडाकडं बघत बसलं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळपासून आत्तींना नीट बोलता येत नव्हतं. पाठीची जखम चिघळली होती आणि ताप चढला होता. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. आता किती ते सांगता येत नाही, असं सर्जेरावांना बाहेर नेऊन म्हणाले. शालननं सगळ्यांना बाहेर काढलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि दार लोटून घेतलं. आतून मला बाहेरच्यांची पावलं ऐकू येत होती. ती दारापाशीच थांबली होती.

मी आत्तींजवळ बसले. त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ओठ हलवले. काय म्हणतायत ते मला कळलं, कारण गेले कितीतरी दिवस त्या तेवढंच मागत होत्या.

मी तोंड उघडलं. ते वाक्य मी मनात कितीदा म्हणून बघितलं होतं. पण जे बाहेर पडलं ते दुसरंच होतं.

"आत्ती, तुम्ही जाऊ नका," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. "तुम्ही बऱ्या व्हाल. अजून पुष्कळ दिवस माझ्याजवळ राहाल. दुपारी आपण बोलत बसू."

बोलले आणि मी घाबरले. हे खरं झालं तर या बाईचे हाल आणखी लांबणार होते, माझ्या सोबतीपायी. पण मला तेच हवं होतं. मला रडू फुटलं.

आत्ती माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांचा चांगला हात हलला आणि माझ्या गुडघ्यावर आला. फार हळू, अडखळत त्या म्हणाल्या, "ऱ्हा म्हनून... कुनी बी म्हनलं न्हाई गं मला. समदी... वाट बघत बसल्यात."

तो हात तसाच राहिला. काही वेळानं तो जड झाला. मी बऱ्याच उशिरानं उठले आणि दार उघडलं.

शालननं हंबरडा फोडला. आईच्या अंगावर पडायच्या आधी तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागं घेतले. "वन्सं, मी तसं म्हटलंच नाही," मी म्हणाले. "मी त्यांना राहा म्हटलं." शालननं माझ्या तोंडावर हात ठेवला. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं तिला वाटलं असावं. माझं बोलणं तिच्या रडण्यात बुडून गेलं.

दिवसकार्य होईपर्यंत घरात माणसांची ये-जा होती. बायका मला चुकवत नव्हत्या हे माझ्या लक्षात आलं. उलट येता-जाता खाली वाकत होत्या. एकीनं आपलं पोर आणून माझ्या पायावर घातलं. मांडवात माझ्या पाठीमागं दोघी बोलत होत्या. आवाज पूर्वीसारखाच खाली आणलेला होता, पण शब्द दुसरा होता. "वाचासिद्धी हाय बाईला," एक म्हणाली. "म्हातारीला कशी अलगद सोडवली." दुसरीनं विचारलं, आधी तर ही काळजिभी होती ना. त्यावर पहिली म्हणाली की तेव्हा आपल्याला कळलं नव्हतं.

त्या सगळ्यांत माझ्या शेजारी येऊन कुणी बसलं नाही.

कार्य उरकलं, शालन आपल्या घरी गेली. संध्याकाळी सर्जेराव तालुक्याहून आणून ठेवलेला नवा पट्टा गिरणीला चढवत होते, तेव्हा मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. मी म्हणाले की मला काहीतरी सांगायचंय आणि ते ऐकून घ्या.

"आत्तींना मी जा म्हटलं नव्हतं. जाऊ नका म्हटलं. बऱ्या व्हाल म्हटलं."

त्यांनी पट्टा सोडला. "मग आई का गेली?"

"जायच्या होत्या म्हणून गेल्या. माझ्या बोलण्यानं काही होत नाही."

ते पोत्यावर बसले. बराच वेळ हाताला लागलेलं काळं वंगण पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे दादा बी..." वडलांना ते दादा म्हणत.

"पायरी कुजली होती."

त्यांनी मान हलवली. ते त्यांनाही ठाऊक होतं, हे मला त्या मान हलवण्यावरून कळलं. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याकडं बघेल. इतकी वर्षं आपण हिला उगीच मुकी ठेवली असं काहीतरी म्हणेल. निदान जवळ ये म्हणेल.

"हे भाईर बोलू नगंस," ते म्हणाले. "आता लोकं पाया पडाय लागल्यात. पडू द्यात. पहिल्यापरीस बरं हाय की."

उठून त्यांनी पट्टा चढवला आणि बटण दाबलं. गिरणी सुरू झाली. मी काहीतरी म्हणाले ते मलाही ऐकू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात खालच्या आळीतला महिपती आला. तो दारात पायताण काढून हात जोडून उभा राहिला. त्याचे वडील, तात्या, दोन महिने अंथरुणावर होते, खाणंपिणं सुटलं होतं, जीव जात नव्हता. "वैनी, तुमी एकदा येऊन दोन शब्द बोला," तो म्हणाला. "तुमच्या वाचेला यश हाय." सर्जेरावांनी माझ्याकडं बघितलं आणि जा म्हणून खुणावलं.

मी गेले. वाटेत मी पक्कं ठरवलं की त्या म्हाताऱ्याला खरं सांगायचं आणि परत यायचं. मग गावानं मला काय हवं ते म्हणावं. दोन्ही शब्दांचा मला सारखाच कंटाळा आला होता.

महिपतीनं मला आत नेलं आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं. त्यांनीही दार लोटून घेतलं. तात्या भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी त्यांच्या उशाशी उभी राहिले.

"तात्या, मी गिरणीतली अनुसया," मी म्हणाले. "माझ्या जिभेत काही नाही. मी म्हटल्यानं काही होत नाही. तुमच्या पोराला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून तुम्हाला सांगायला आले."

म्हाताऱ्यानं सावकाश मान वळवली. डोळे खोल गेले होते, पण स्वच्छ होते.

"ठावं हाय मला," तात्या म्हणाले. "बोलावून आन म्हनून मीच पोराला सांगितलं."

"मग कशाला बोलावलंत?"

"हितं समदी गप हाईत. आत आली की तोंड पाडून बसत्यात आन् जात्यात. दोन म्हैनं झालं, कुनी धड बोलत न्हाई. गोजराकाकीसंगं, तुज्या सासूसंगं, तू रोज बोलत बसायचीस म्हनं. शालन सांगत हुती." त्यांनी कोपऱ्यातल्या पाटाकडं हात केला. "घे त्यो पाट. बस."

मी पाट ओढून बसले.  दाराबाहेर माणसं श्वास धरून उभी होती.

तात्यांनी जरा दम घेतला आणि विचारलं, "म्हायेर कुठलं गं तुजं?"

त्या गावात येऊन मला अर्धं आयुष्य झालं होतं. नव्या सुनेला पहिल्या दिवशी जे विचारतात ते मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, माझ्याबद्दलचा शब्द तिथूनच आला होता. मला गावाचं नाव सांगायला जरा वेळ लागला. मग मी सांगितलं, आणि आमच्या घरामागं विहीर होती, तिच्या काठावर जांभळाचं झाड होतं, तेही सांगितलं.

"जांभळं गोड हुती का?" तात्यांनी विचारलं.